घटपर्णीचा श्रावण

गेल्या वर्षी आमच्या घरातल्या झाडानेही श्रावण पाळला.

झाड माझ्या नणंदेचं, घटपर्णीचं. त्याच्या पानांच्या टोकाला इवल्या इवल्या सुरया लोंबतात. आत पाणी असतं, त्यात पडलेली माशी झाड पचवून टाकतं. मीनलवन्संनी ते बोटाएवढं असताना आणून आमच्या लालबागच्या खोलीच्या खिडकीत लेकरासारखं वाढवलेलं. ऑफिसच्या कामाला बंगळुरूला निघताना त्यांनी ते माझ्या हवाली केलं.

"वहिनी, पाणी फक्त आरओचं. खत नाही. खायला तर काहीच घालू नकोस, ते आपलं आपण बघतं. कळलं?"

"हो हो!"

(काही कळलं नाही की मी दोनदा हो म्हणते. आठवीत शाळा सुटली तेव्हापासूनची सवय!) मी वाशीमकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. इथे पहिल्यांदाच कुणी आपली जीव की प्राण वस्तू माझ्यावर सोपवत होतं. झाड मेलं तर पुन्हा कुणी माझ्या हाती चमचासुद्धा देणार नाही, अशी माझी खात्री!

दुसऱ्याच दिवशी आमच्या मालवणी सासूबाई खिडकीशी किंचाळल्या, "अगो सूनबाई! श्रावणात आमच्याकडे मासो शिजणा नाय, आणि ह्यां झाड माशी खाता?"

"आई, त्याचं जेवणच ते आहे..."

"ह्या घरात ऱ्हवता मां? मगे पाळूक व्हयो!"

झालं! मी मलमलच्या टोप्या शिवून एकेका सुरईला बांधल्या. संध्याकाळी मात्र माझाच जीव कासावीस. उपाशी मेलं तर? म्हणून टोपी सोडून चमचा चमचा वरण घातलं. सोमवारी वरण कसं चालेल? मग साबुदाण्याची खिचडी (ठसका लागू नये म्हणून दाण्याचं कूट अगदी बारीक!). शेजारच्या सावंतकाकू नारळाची वडी घेऊन आल्या. "बारक्याक गोड नको?"

सुरया काळ्या पडल्या. खोलीत असा वास सुटला, की टोप्या आता आमच्याच नाकाला हव्या होत्या!

मीनलवन्सं परतल्या. बॅगही न ठेवता त्यांनी एक टोपी सोडली.

"वहिनी... हा साबुदाणा आहे?"

"हो हो," म्हणून मी रडायलाच लागले.

सासूबाई मध्ये आल्या. "तिका काय बोलू नको. उपास मीयाच धरूक लावलंय!"

वन्संनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत खालीच बसल्या. "अगं, रडतेस काय! सुरया जातील, झाड राहील." कात्री घेऊन काळं काळं कापलं आणि मला जवळ बसवून नवा कोंब दाखवला. माझ्या हातातून कुंडी काही काढून घेतली नाही.

गणपतीला आलेल्यांना सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, "ही आमची सून. किडे खाणाऱ्या झाडाक हिना अजीर्ण केल्यान!" सगळे हसले. मी त्यातलं 'आमची सून' तेवढं ऐकलं आणि आनंदाने प्रसाद वाटायला धावले.

प्रत्येकाने तो आधी वास घेऊन मगच खाल्ला!