उटण्याला नकार

गेल्या फेब्रुवारीत, कथकच्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या भाचीने आईच्या हातचे उटणे लावून घ्यायला नकार दिला. भाऊ बँकेत आहे. बदलीमुळे त्याचे कुटुंब सांगलीहून जयपूरला आले आणि शास्त्री नगरात राहते. मी तेव्हा त्यांच्याकडे मुक्कामाला होते.

कार्याच्या आदल्या दिवशी बेसन, हळद आणि दुधाचे उटणे चोळून लावायचे, ही वहिनीच्या माहेरची रीत. त्याआधीच्या वर्षी कार्यक्रम नेमका भाचीच्या पाळीच्या तोंडावर आला होता. हनुवटीवर फोड होते. वहिनीने त्यावरून उटणे चोळले. सोललेल्या कातडीवर दुसऱ्या दिवशी मेकअपचा जाड थर बसला, चेहऱ्याची आग झाली आणि मुलगी नाच अर्धवट सोडून विंगेत गेली. या वर्षी तिला पहिल्यांदाच एकटीने नाचायचे होते. पाळी पुन्हा दोन-तीन दिवसांवर होती.

"मम्मी, आत्ता नको."

"उटण्याला पाळीचं काय गं? आमच्याकडे नवरीलासुद्धा कुणी तारीख विचारत नाही."

"मतलब, नवरीचे पिंपल्स अल्बममध्ये असतीलच ना!"

मी हसले. वहिनी वाटी धरून माझ्याकडे वळली. "वन्सं, हसताय काय? समजवा हिला."

समजावण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. पाळीआधी हार्मोन्स बदलले की चेहरा तेलकट होतो, फोड येतात, तेव्हा घासू नये, एवढे तिला त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पुढचे तिने वर्षभर आरशात पाहून स्वतः ठरवले. त्या आठवड्यात सौम्य फेसवॉश, हलके जेल, मलम फक्त फोडावर. पाळी सुरू झाली की त्वचा कोरडी पडते, त्यात जयपूरची थंडी. तेव्हा जाड क्रीम. पाळी संपल्यावर उटणे तिला चालते, हेही तिने आईला सांगितले. मैत्रिणींचे सल्ले तिने ऐकले, पण आपल्या चेहऱ्यावर खरे ठरले तेवढेच ठेवले. सोळाव्या वर्षी एवढी चिकाटी मी क्वचित पाहिली आहे.

"आणि उद्या आग झाली तर?" वहिनीने विचारले.

"तर माझी चूक. तुझी नाही."

वहिनीने उटणे स्वतःच्या हातांना लावले आणि बेसिनपाशी गेली. तिने पुन्हा विषय काढला नाही. तेही सोपे नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाचीने मेकअपआधी जेलचा पातळ थर दिला आणि तो सुकेपर्यंत कुणाला चेहऱ्याला हात लावू दिला नाही. मेकअप करणाऱ्या ताई घाई करत होत्या. ती "दीदी, दो मिनट" म्हणत राहिली. तिचा नाच शेवटपर्यंत झाला. घरी आल्यावर तिने मेकअप उतरवला. हनुवटीवर दोन फोड होते. बाकी चेहरा लाल झालेला नव्हता.