कच्चं काम

इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या कॉलेजात, संध्याकाळच्या अल्जिब्राच्या वर्गाला त्या माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसायच्या. साठी उलटलेली, सुती साडीवर जाड कार्डिगन. ओठांतल्या ओठांत मराठी पाढे म्हणायच्या, त्यावरून मी ओळखलं, या आपल्याकडच्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी नुसतं 'काकू' म्हणायचे.

बाहेर धुक्यात कार पार्कचे दिवे विरघळत, वर्ग कुठेतरी तरंगत असल्यासारखा वाटे, आणि काकू समीकरणावर झुकलेल्या असत. समासात पेन्सिलने कच्चं काम, शेजारी पेनाने उत्तर, आणि मग कच्चं काम सगळं खोडून साफ. रबराचा चुरा त्या तळहाताने हळूच गोळा करत, पोळपाटावरचं पीठ आवरावं तसा.

उत्तर बरोबर, तरी मार्क जायचे. "शो युवर वर्किंग, प्लीज," पायऱ्या दिसू द्या म्हणून सर दरवेळी विनवायचे. गेल्या वर्षी काकू एवढ्यापायीच नापास झाल्या होत्या.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मला राहवलं नाही. "अहो काकू, खोडता कशाला?"

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अगं, जन्मभर स्वयंपाक केला. पानात काय पडलं ते सगळ्यांनी पाहिलं. कसं केलंस, हे कुणी विचारलंच नाही. आता हे सर विचारतात, तर लाजल्यासारखं होतं बघ."

परीक्षेला त्या माझ्या पुढच्याच डेस्कवर होत्या. वेळ संपत आली तसं त्यांनी सवयीने रबर उचललं, क्षणभर मुठीत धरलं, आणि पेपरला न लावताच पर्समध्ये टाकलं.