कंबरभर पाण्यातली विहीर

धरणाच्या काठी तंबू ठोकल्यापासून माझा फोन म्हणजे चौकशीची खिडकी झालाय. वीर स्टेशनला उतरल्यावर रिक्षा मिळते का? मिळते, महाडपर्यंत. पुढे? पुढे पोलादपूर, मग कापडे, मग चढ, मग मी. एका बाईंनी विचारलं, व्ह्यू किती वाजता असतो. मी सकाळी सहा म्हणून सांगितलं. नेटवर्क फक्त शेवटच्या तंबूमागच्या कातळावर येतं, हे मात्र मी आधी सांगत नाही. धंदा करतोय, देवळात बसलेलो नाही.

फोन ठेवण्याआधी प्रत्येक जण विचारतो, पोहता येतं का? दिवाळीला मी बेधडक सांगतो, नाही, खोल आहे. उन्हाळ्यात पंचाईत होते. पाणी ओसरतं आणि आमच्या जुन्या भातखाचरांवर जेमतेम कंबरभर उरतं. धरण झालं तेव्हा मी चौथीत होतो. वाडी उचलून वर आली, शेत खाली राहिलं आणि शेतातली विहीरही. तिला कठडा नाही, कारण कठड्याचे दगड आम्हीच नव्या घराच्या जोत्याला काढून आणले. विहीर बुडणारच होती, तिला कठडा कशाला? तेव्हा हे सगळ्या वाडीला पटलं होतं.

गेल्या एप्रिलात ठाण्याचे चार पाहुणे न विचारता पाण्यात शिरले. एकाने मोबाईल डोक्यावर धरून मला ओरडून सांगितलं, "एकदम सेफ आहे, खाली सपाट आहे." सपाट असणारच. माझ्या बापाने निम्मं आयुष्य ते सपाट करण्यात घालवलं. पण त्यातच ती विहीर होती. विहीर नेमकी कुठे ते मला ठाऊक नव्हतं, आणि काठावरून विहिरीचं पुराण लावायला वेळ नव्हता. मी ओरडलो, "मगर!" महाडकडे सावित्री नदीत मगरी आहेत, हे मुंबईपर्यंत माहीत असतं. चौघं असे बाहेर आले की एकाची चप्पल अजून आतच आहे.

पुढच्या शनिवारी दुप्पट लोक आले. मगर बघायला. एकाने दुर्बीण आणली होती, आणि नीट दिसावं म्हणून तो गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. मी हात टेकले.

विहिरीची जागा सांगू शकतील असे आता वडीलच होते. पण धरण भरल्यापासून ते एकदाही पाण्याकडे उतरले नव्हते, माझ्या तंबूंकडेही नाही. बापाच्या शेतावर पोरगा सहली भरवतो, याचा त्यांना राग आहे अशी माझी समजूत. त्या संध्याकाळी पडवीत मी त्यांना सगळं सांगितलं, मगरीसकट. ते हसले नाहीत.

"आन कुनी पडला म्हंजे?"

"म्हणून तर विचारतोय, बाबा. जागा सांगा."

"सांगून नाय समजायची." मग म्हणाले, "कठडा मीच काढला ना."

सकाळी ते माझ्याआधी काठावर हजर, हातात लांब बांबू. मी कमरेला दोरी बांधायला गेलो तर म्हणाले, "माझ्या शेतात मलाच दोरी?" तरी मी बांधली. ते पाण्यात शिरले आणि पायाने बांध चाचपत निघाले. अंधारात आपल्याच घरातून चालावं तसे, एका बांधावरून दुसऱ्यावर, कुठेही न अडखळता. एके ठिकाणी खाली खाचरात उतरले, आठ-दहा पावलं गेले, थांबले आणि बांबू पुढे सोडला. तो सरळ आत गेला, हातभर वर उरला. ठाण्याचा मोबाईलवाला त्या दिवशी तिथून चार पावलांवर उभा होता.

मी लांब खुंट घेऊन आत गेलो. विहिरीच्या चारी बाजूंनी आम्ही ते रोवले, त्यांना लाल फडकी बांधली. काम झालं. मी म्हटलं, "चला बाबा, गारठाल." ते हलले नाहीत. हात मागे बांधून, कंबरभर पाण्यात, नुसते समोर बघत उभे. काठावर पाहुणे व्हिडिओ काढत होते.

"माझ्यावर राग हाय का?" मी विचारलं. घरातलं बोलणं आपोआप तोंडात आलं.

"राग कसला रे. वरून बघवत नव्हता, म्हनून नाय आलो." त्यांनी पायाने तळचा चिखल जरा उकरला. "तू हो पुढं. मला उभा ऱ्हाऊ दे. लय वर्सांनी शेतात आलोय."