शेवटची आठ घरं

रत्नागिरी शहर व पंचक्रोशीतील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्याकडची क्लासिकल गिटार शिकवणारी एकमेव शाळा गेल्या महिन्यापासून कायमची बंद झाली आहे. संस्थापक, मुख्याध्यापक आणि शिपाई ही तिन्ही पदं मिऱ्या गावचे नाना शिरधनकर एकटेच सांभाळत. पटावर विद्यार्थी एक; वय वर्षं एक्कावन्न; धंदा चष्म्याचा... तोच हे लिहितो आहे. त्या सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात नानांच्या बायकोचा, काकींचा, फोन आला. "विनू, नाना गेले," एवढंच म्हणाल्या. मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि पायरीवर बसून राहिलो.

नाना पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला, तर त्यांनी बगलेतली जाडजूड वही काढून माझ्यासमोर धरली. "तुझो तक्तो वाचून काय करू? मला ह्यां वाचता आलं पायजे." पानभर रेघा आणि रेघांवर मुंग्यांसारखे ठिपके. बोटीवर इंजिनरूममध्ये असताना एका फिलिपिनो स्वयंपाक्याकडून ते गिटार शिकले होते आणि त्याच्या पुस्तकातल्या रचना हाताने उतरवून घेतल्या होत्या. या रचनांना 'स्टडी' म्हणतात. बोटांची एखादी खोड मोडावी म्हणून रचलेला छोटासा धडा. पण रचणारा जाणता असला की धड्याचं गाणं होतं. चष्मा द्यायला म्हणून मी मिऱ्याला गेलो, आणि पुढची अकरा वर्षं दर रविवारी जातच राहिलो.

त्यातली एक स्टडी नानांची फार लाडकी. सगळी बोटं सारखी तारा छेडत असतात, पण गाणं फक्त अनामिकेच्या सुरात लपलेलं. "बाकीच्यांनी हळू बोलायचं," नाना म्हणत, "घरात आजारी माणूस असल्यासारखं. ह्यो एकटाच काय ता सांगतोय." मी चार महिने फक्त तेवढंच करत होतो. आणि शेवट? शेवट एका अधांतरी सुरावर. गाणं घरी परत येतच नाही. नानांकडे त्याचं उत्तर होतं. "बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी ऱ्हाते बघ... दिवे दिसतात, पण उतरायला मिळत नाय. तसं हाय ह्यां." मी भारावलो. पाहुण्यांसमोर डोळे मिटून ती स्टडी वाजवायचो आणि नंतर बंदराचं भाषण ठोकायचो. बायको तेवढ्यात चहा ठेवायला उठायची.

गेल्या वर्षी मोबाईलवर कुठल्याशा परदेशी मुलीला तीच स्टडी वाजवताना पाहिलं. ती बंदराबाहेर थांबलीच नाही. सरळ पुढे गेली... उभ्या रेघांमधली आणखी आठ घरं, आणि गाणं अगदी शांतपणे घरी आलं. मग नानांनी पूर्वी कधीतरी सांगितलेलं आठवलं आणि कोडं सुटलं. स्वयंपाकी मधल्याच एका बंदरात पुस्तकासकट उतरला होता आणि नानांचं शेवटचं पान उतरवायचं राहिलं होतं. संपलंच, असं त्यांना वाटलं. त्या शेवटच्या पानाची छापील प्रत मिळवली, ती खिशात घालून मी तीन रविवार नुसता हिंडलो. नानांची फुप्फुसं तेव्हा थकली होती. चौथ्या रविवारी मात्र पान पुढे ठेवलं.

त्यांनी पानावरून बोट फिरवत वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे चाळीस वर्षं मी उगाच नांगर टाकून बसलो होतो?" एवढं म्हणून हसायला लागले, ते खोकला लागेपर्यंत. मग गिटार मांडीवर घेतली. "चल, शिकव. आता तू मास्तर."

जायच्या आधी ही स्टडी एकदा पुरी वाजवायची, एवढंच त्यांनी मनात धरलं. दोन-तीन आठवड्यांना एक घर. सहा घरं झाली. सातव्यात डाव्या हाताचं पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, आडवं ठेवून सहाही तारा दाबायच्या होत्या, आणि ते बोट इंजिनरूममध्ये कधीच जायबंदी झालेलं. मी म्हटलं, खालची तार सोडून द्या, कुणाला कळणार आहे? नाना भडकले. "गिऱ्हाईकाला झेपत नाय म्हणून चष्म्याचा नंबर कमी करून देतोस काय रे?"

दवाखान्यातल्या शेवटच्या रविवारी त्यांनी माझं मनगट धरलं आणि ते बोट त्यावर आडवं दाबलं. दाबून धरलं. "सूर लागला काय?" मी म्हटलं, "स्वच्छ लागला, नाना." ...त्यांना ते पटलं नसावं. बोट उचलून त्यांनी पुन्हा ठेवलं.

तेराव्याला माणसं पांगल्यावर काकींनी गिटार माझ्या हातात दिली. मी ती स्टडी वाजवली. अनामिका सोडून सगळ्यांना गप्प केलं. नांगराची जागा ओलांडली, सहा घरं पार केली आणि थांबलो. नाना जिथवर पोचले, तिथवरच. हे मी दोन दिवस आधीच ठरवून ठेवलं होतं. मान किती झुकवायची तेसुद्धा. डोळे मिटले, हात तारांवरून अलगद उचलला. मग स्वयंपाकघराच्या दारातून काकी ओरडल्या,

"अरे मेल्या, पुढचं वाजव ना! त्यांचं ऱ्हायलं म्हणून तुझं पण ऱ्हायला पायजे काय?"