गाळलेलं पाणी

नातीच्या सतत धुतलेल्या हातांना साबणाचा वास येतो आणि मला सांगलीजवळच्या आमच्या मळ्यातली विहीर आठवते. महायुद्धाचे दिवस होते, मी लग्न होऊन नुकतीच आले होते. आम्ही जैन. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यातले जीव त्याच विहिरीत हळूच सोडायचे, हा घरचा नेम.

सासूबाई मात्र तेच पाणी सात-आठ वेळा गाळायच्या. एखादा जीव मेला असेल, या धास्तीनं गाळलेली घागर पुन्हा विहिरीत ओतायच्या. दुपार टळली तरी त्यांच्या पोटात पाण्याचा घोट गेलेला नसायचा. गावात त्यांच्या धर्मनिष्ठेचं केवढं कौतुक होतं.

एकदा ओलं फडकं हातात धरून त्या मला म्हणाल्या, "पाणी निवळ हाय, मला ठावं हाय. पर माझं हात थांबंनात गं. काय तरी कर."

मी डोक्यावरचा पदर सावरून त्यांच्या पाया पडले. म्हणाले, "आत्याबाई, तुमच्यासारखा धर्म कुणाला जमतोय."

त्यांनी पोहरा पुन्हा खाली सोडला.

परवा डॉक्टरांनी नातीला समजावलं, की हा आजार आहे, काही घरांत तो पिढ्यांतून उतरतो. गोळ्या घेतल्या आणि हात न धुता भीती सोसायचा सराव केला, तर बराच आटोक्यात येतो.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आजी, आपल्याकडं हे कुणाला होतं का?"

"तुझ्या पणजीला होतं," मी म्हणाले. "आम्ही त्यांच्या पाया पडायचो."