‘अति कृपा होगी’: ताईच्या न मिळालेल्या सुट्टीबद्दल

ताई गेली, तर दुकानानं अर्धा दिवस सुट्टी दिली.

ताईला नाही. बाकीच्यांना.

आज तिचं तेरावं झालं. पाहुणे गेले, भांडी आवरून झाली, आणि मला इतका संताप येतोय की लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. घरातली गोष्ट फेसबुकवर कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करावं.

ताई, माझी मोठी बहीण. बाड्याजवळच्या, म्हणजे इथल्या मुख्य बाजारातल्या, एका साड्यांच्या शोरूममध्ये सतरा वर्षं काउंटरवर उभी होती. नाव लिहीत नाही. ग्वाल्हेर छोटं आहे, ज्यांना समजायचं ते समजतील.

गेल्या वर्षी तिला परत रक्त जायला लागलं. पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, दोन दिवस भरती व्हा, तुकडा काढून तपासायचाय.

ताईनं चार दिवसांची सुट्टी मागितली.

सेठजी म्हणाले, "अभी? सहालग में?"

सहालग म्हणजे आमच्याकडची लग्नसराई. ती संपली की राखी. मग करवा चौथ, दिवाळी. मग परत सहालग. साडी विकली जात नाही असा महिना ह्या गावात देवानं केलाच नाही!

ताईनं पाच वेळा अर्ज दिला. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून अख्ख्या स्टाफचे अर्ज तीच लिहायची. चौथीत शिकवलेला नमुना, जसाच्या तसा. "सविनय निवेदन है कि..." पासून सुरू, आणि शेवटी, "अवकाश प्रदान करें, आपकी अति कृपा होगी."

कृपा! स्वतःच्या पोटातलं रक्त थांबवायला ह्या माणसाची कृपा!

सेठजी हसत अर्ज ड्रॉवरमध्ये सरकवायचे. "मैडम, आप तो घर की हो. घरवाले कभी छुट्टी मांगते हैं क्या?"

आणि ही बावळट मला येऊन कौतुकानं सांगायची, "अगं, मला घरचं मानतात ते."

"मग दवाखान्यात पण घेऊन जा म्हणावं की!" मी ओरडले होते.

"तुझं काय जातंय बोलायला? तुझी सरकारी आहे. प्रायव्हेटमध्ये सुट्टी नसते गं. जास्त बोललं तर कायमचीच छुट्टी करतील."

आणि मी गप्प बसले.

हो, गप्प बसले. मी, जी सरकारी दफ्तरात आहे. सीएल, ईएल, मेडिकल, सगळ्या रजा तोंडपाठ. उरलेल्या सीएल वाया जाऊ नयेत म्हणून डिसेंबरात घरी लोळत पडणारी बाई मी. मलाही वाटायचं, प्रायव्हेटमध्ये कुठला आलाय हक्क? कधी कुणाला विचारलं नाही.

अकरा महिन्यांनी ताई काउंटरवरच चक्कर येऊन पडली. तेव्हा मिळाली सुट्टी.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून एवढंच विचारलं, "इतने दिन क्या कर रही थीं?"

साड्या दाखवत होती, डॉक्टर.

सात आठवड्यांत संपलं सगळं.

दहावं झाल्यावर मी लेबर ऑफिसात गेले. का गेले, मला पण पता नाही. कुणाशी तरी भांडायचं होतं. तिथले बाबूजी भले माणूस. चहा पाजून दहा मिनिटांत समजावलं. दुकानात काम करणाऱ्याला सुद्धा वर्षभराच्या नोकरीनंतर पगारी सुट्टीचा हक्क आहे. कायद्यात लिहिलंय. सेठ तारखा पुढे-मागे करा म्हणू शकतो, पण देतच नाही असं म्हणू शकत नाही. आणि ताईच्या पर्समध्ये ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं ना? डॉक्टरांचा कागद लावून आजारपणाची सुट्टी घेतली असती तर पगाराचा मोठा हिस्सा तिकडून मिळाला असता, आणि तेवढ्या दिवसांत तिला कामावरून काढताही आलं नसतं.

ताई ते कार्ड आयडी म्हणून दाखवायची. बस.

दहा मिनिटं. दहाच मिनिटांचं काम होतं हो, आणि मी ते अकरा महिने केलं नाही.

आज तेराव्याला रेखा आली होती. ताईच्याच काउंटरवर असते. जेवली नाही. मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "दीदी, मेरी छाती में गांठ है. दो महीने से. मैडम होतीं तो अर्ज़ी लिख देतीं."

माझं डोकंच फिरलं. तिथेच ओट्यावर कागद घेतला. ताईसारखं अक्षर नाही माझं, वाकडंतिकडं लिहिलं. "सूचित करना है कि जांच और इलाज के लिए मैं सोमवार से चार दिन की छुट्टी पर रहूंगी. यह मेरे हक़ की छुट्टी है." दोन प्रती केल्या. एकीवर मिळाल्याची सही घ्यायची, म्हटलं.

रेखानं दोनदा वाचलं. "दीदी, इसमें 'कृपा' तो लिखा ही नहीं."

"नहीं लिखना."

"सेठजी नाराज़ हो गए तो?"

"होने दो. सोमवार को मैं तेरे साथ चल रही हूं."

मग ती रडली. मी पण.

सोमवारची माझी सीएल टाकून झाली आहे. आधी दुकान, मग दवाखाना.

आणि सेठजी, कुणीतरी हे तुम्हाला हिंदीत वाचून दाखवेलच. दुकानाबाहेर तुम्ही ताईच्या फोटोचा फ्लेक्स लावलाय, खाली लिहिलंय ‘शोकाकुल शोरूम परिवार’. मी येईपर्यंत तो उतरवून ठेवा. परिवार आम्ही आहोत.

ताई, तू निघ आता. कुणाला विचारू नकोस.