भागरथाबाईचा हात

हे मी बायकोलेही कधी बोललो नाही. ती गेली, आता घरात ऐकायले कोणी नाही – तर तुम्हीच ऐका.

लढाईच्या दिवसांत कामठ्यात मी विडीचा सट्टेदार, म्हणजे ठेकेदार, होतो. गोंदियाच्या शेटजीकडून तेंदूपत्ता नि तंबाखू आणायचा, बायकाईले घरोघरी वाटायचा, वळलेल्या विड्या तपासून पोचत्या करायच्या. बरं काम होतं ते, खोटं कायले सांगू? लेकरू मांडीवर घेऊन बाई वळे, मन नसलं तर पानतंबाखूचं सूप बाजूला ठेवी. आणि शेटजीले? ना छप्पर घालायचं, ना दुखणंखुपणं पाहायचं. बाई नको झाली, तर तिले पान द्यायचं नाही. काढून टाकायले तिले कामावर ठेवलं होतं कुठं?

भागरथाबाईसारखी वळणारी माझ्याकडे दुसरी नव्हती. विधवा, पदरी दोन पोरी, चूल विड्यांवरच. त्या पावसाळ्यात पानाचं एक पोतं मी ओल्या जमिनीवर टाकून विसरलो – आळस, दुसरं काय? पानाले बुरशी धरली. शेटजीले कळलं असतं तर माझा सट्टा गेला असता. मी वरची पानं पुसली आणि पोतं तिच्याच घरी टाकलं. हात चांगला आहे, सांभाळून घेईल, वाटलं.

विड्या उकलल्या. शेटजीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं – तिचा हात बिघडला. तिचं पान बंद झालं.

ती माझ्या ओट्यावर आली. "भाऊ, पान खराब होतं का?"

"बाकीच्या तेच पान वळून राहिल्या," मी म्हटलं.

बाकीच्यांले चांगलं पान होतं. पण तिले कसं कळणार? जी ती आपापल्या घरात. कारखान्यात ओळीनं बसल्या असत्या, तर शेजारणीच्या सुपात तिनं पाहिलं असतं – आणि मी पकडला गेलो असतो.

भांडली असती तर सोसलं असतं. ती आपलीच बोटं उघडझाप करून पाहत राहिली. ते हात मले अजून दिसतात. भेव वाटते.

पुढं ती पोरींले घेऊन मँगनीजच्या खाणीवर गोटे उचलायले गेली. काही वर्षांनी तिची मोठी पोरगी बाजारात भेटली. खाणीकडेही विडीचं काम निघालं होतं म्हणे. "माय बसतच नाही," ती म्हणाली. "म्हणते, माझा हात बिघडला."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी भाजी घेतली आणि घरी आलो.